मनिला १८९८ : वेढा पाहायला आलेल्या परक्या युद्धनौका

नांगरवाट

आरमारी इतिहासाचे धागे इथे अधूनमधून निघतात, पण चर्चा बहुतेक वेळा लढणाऱ्या दोघांचीच होते. मला कुतूहल आहे ते तिसऱ्याचं. बंदरावर तोफा रोखलेल्या, आत लोक कोंडलेले, आणि त्याच पाण्यात कुठल्या तरी वेगळ्याच देशाची युद्धनौका नांगर टाकून उभी. ती तिथे काय करत असे? तिला उभं राहू कोण देई? आणि ती खरोखर नुसती पाहतच असे का?

याचं सगळ्यात भरघोस उदाहरण म्हणजे १८९८ सालचं मनिला. फिलिपिन्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं, मनिला ही त्याची राजधानी, आणि अमेरिका-स्पेन युद्ध नुकतंच सुरू झालं होतं.

१ मे १८९८ च्या सकाळी कमोडोर जॉर्ज ड्यूईच्या अमेरिकन ताफ्याने काविते बंदरासमोर ॲडमिरल मोंतोहोचं स्पॅनिश आरमार संपवलं. दुपारपर्यंत काम झालं होतं. अमेरिकेचे नऊ जण जखमी झाले, शत्रूच्या माऱ्यात कोणीही दगावलं नाही. ही लढाई सगळ्यांना माहीत असते. पण मनिला शहर पडलं ते १३ ऑगस्टला. मधले साडेतीन महिने ड्यूई उपसागरात नाकेबंदी करून बसून होता, कारण शहर झोडपायला त्याच्याकडे तोफा होत्या, ते ताब्यात ठेवायला फौज नव्हती. फौज पॅसिफिक ओलांडून यायची होती.

त्यात आणखी एक गोष्ट झाली. मनिलाहून हाँगकाँगला जाणारी समुद्राखालची तार दोघांनी वापरावी असं ड्यूईने सुचवलं, स्पॅनिश गव्हर्नरने नकार दिला, आणि २ मे रोजी ड्यूईने ती तार कापली. तेव्हापासून सगळ्यात जवळचं तारघर सुमारे ६३० सागरी मैलांवर, हाँगकाँगला. वॉशिंग्टनला काही विचारायचं तर आधी एखादं जहाज तिकडे पाठवा आणि उत्तराची वाट पाहा. म्हणजे या वेढ्यातला प्रत्येक पेच जागेवरच्या दोन-चार माणसांनी, स्वतःच्या अकलेवर, सोडवायचा होता.

अशा पाण्यात पाहुणे येऊ लागले. ब्रिटिश गनबोट लिनेट, मागोमाग क्रूझर इमॉर्टॅलिटे, तिचा कप्तान एडवर्ड चिचेस्टर. फ्रेंचांची ब्रुइक्स. जर्मनांच्या इरेने आणि कॉर्मोरान. जपानची इत्सुकुशिमा, पुढे नानिवा. प्रत्येकाकडे सांगायला कारण होतं : शहरात आमचे व्यापारी आहेत, त्यांच्या जिवाची आणि मालाची काळजी घ्यायची आहे. ते खोटं नव्हतं. मनिलाच्या परदेशी व्यापारात ब्रिटिश पेढ्यांचं वजन मोठं होतं, जर्मन पेढ्याही होत्या.

रिवाज असा की नाकेबंदी केलेल्या पाण्यात तटस्थ युद्धनौका येते ती नाकेबंदी करणाऱ्याच्या सौजन्याने. तिने थांबावं, त्याच्या अधिकाऱ्याला भेटावं, ओळख पटवावी आणि सांगितलेल्या जागी नांगर टाकावा. ब्रिटिश, फ्रेंच, जपानी यांनी हे पाळलं. इरेने मात्र ड्यूईच्या ऑलिंपिया या मुख्य नौकेच्या बाजूने न थांबता आत गेली. कॉर्मोरान रात्रीची आली आणि तिच्या पुढ्यातून तोफेचा गोळा गेल्यावरच थांबली.

१२ जूनला व्हाइस ॲडमिरल ओटो फॉन डिडरिक्स स्वतः कैसरिन ऑगस्टा या क्रूझरवरून आला. हाच माणूस सात महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १८९७ मध्ये, चीनमधल्या जिआओझोऊच्या उपसागरात सैनिक उतरवून तो जर्मनीसाठी बळकावून बसला होता. जूनअखेर मनिलासमोर पाच जर्मन युद्धनौका होत्या, शिवाय बदलीचे सुमारे १,४०० खलाशी घेऊन आलेलं डार्मश्टाट हे वाहतूक जहाज. पाहुण्यांत सगळ्यात मोठा ताफा त्यांचा, आणि हुद्द्यानेही डिडरिक्स ड्यूईहून वरचा. जर्मन व्यापाराच्या मानाने एवढं आरमार कशाला, असं ड्यूईने भेटीत सुचवलं तेव्हा मी इथे कैसरच्या आज्ञेने आहे असं उत्तर मिळालं, हे ड्यूईने नंतर आठवणींत लिहिलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. वेढ्याच्या जागी नांगरलेली युद्धनौका प्रेक्षक नसते. ती कुठे उभी राहते, कोणाला सलामी देते, कोणाची परवानगी मागते, या प्रत्येक गोष्टीचं वजन कुठल्या ना कुठल्या पारड्यात पडतं. तुम्हाला काय वाटतं?

डोलकाठी

उत्तम विषय. मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आहे, मनिलाच्या अँकरेजला थांबलोही आहे, म्हणून पाण्याच्या बाजूने थोडं लिहितो.

हा उपसागर नकाशात दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात फार मोठा आहे. तोंडाशी कोरेहिदोर बेट, तिथून शहर पंचविसेक सागरी मैल आत. काविते शहराच्या नैऋत्येला. मध्ये मोकळं पाणी. काविते हा ड्यूईचा तळ, तिथून एवढ्या पाण्यावर रात्री नजर ठेवायची म्हणजे डोळे फोडून घ्यायचे. त्या काळी रडार नाही, वायरलेस नाही. अंधारात एखाद्या जहाजाचा आकार दिसला की ते जर्मन आहे, ब्रिटिश आहे की स्पॅनिशांची उरलीसुरली टॉर्पेडो सोडणारी होडी आहे, हे सांगणार कोण? झेंडा रात्री दिसत नाही, आणि दिवसाही खोटा झेंडा लावणं ही जुनी युक्ती. म्हणून येणाऱ्याने थांबून ओळख देणं हा मानापमानाचा मुद्दा नाही, जीवनमरणाचा आहे. वॉचवर उभ्या असलेल्या माणसाची एक चूक आणि दोन देशांचं युद्ध, अशी ती स्थिती होती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जर्मनांनी उपसागराच्या तोंडाशी मरिवेलेसला जहाजं नेली, तिथे खलाशी उतरवले, याचा ड्यूईला फार संशय आला. पण ते दिवस नैऋत्य पावसाळ्याचे. उघड्या उपसागरात लाटा उठत असताना एका जहाजावरून दुसऱ्यावर शेकडो माणसं सामानासह चढवणं सोपं नसतं. मरिवेलेसचं बंदर लहान पण आडोशाचं आहे. खलाशांची अदलाबदल करायला मीही तीच जागा निवडली असती. एकाच हालचालीत एकाला सोय दिसते, दुसऱ्याला डाव दिसतो.

पाटीपुस्तक

वाचनखूण साठवली. एक विचारायचं होतं. १३ ऑगस्टला अमेरिकन ताफा शहरावर मारा करायला निघाला तेव्हा जर्मन मागून हल्ला करणार होते, आणि चिचेस्टरने इमॉर्टॅलिटे मध्ये घालून ड्यूईला वाचवलं, असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. मग ब्रिटिशांना तटस्थ म्हणायचं तरी कसं?

नांगरवाट

पाटीपुस्तक, या प्रश्नासाठी जुलैपासून सुरुवात करावी लागेल. जरा लांबेल.

जुलैच्या सुरुवातीला सुबिकच्या उपसागरात इस्ला ग्रांदे नावाच्या छोट्या बेटावर स्पॅनिश शिबंदी अडकली होती. फिलिपिनो क्रांतिकारक एका पकडलेल्या आगबोटीवरून त्यांच्यावर चालून आले. तिथे इरेने पोचली आणि तुमचा झेंडा कोणत्याही राष्ट्राने मान्य केलेला नाही असं तिने फिलिपिनोंना बजावलं. खबर लागताच ड्यूईने ७ जुलैला रॅले आणि कॉन्कॉर्ड या दोन नौका पाठवल्या. त्या येताना दिसल्यावर इरेने निघून गेली आणि शिबंदीने शरणागती पत्करली. जर्मनांचं म्हणणं असं की आम्ही बायकामुलं आणि आजारी माणसं बाहेर काढायला गेलो होतो, आणि अशी माणसं इरेनेने खरोखरच मनिलाला नेली.

१० जुलैला डिडरिक्सचा फ्लॅग लेफ्टनंट पाउल फॉन हिंत्से तक्रारींची यादी घेऊन ऑलिंपियावर आला. मुख्य तक्रार अमेरिकन लोक जर्मन युद्धनौकांवर चढून चौकशी करतात ही होती. ड्यूई भडकला. जर्मनीला युद्ध हवं असेल तर आत्ता, या क्षणी सुरू करू, अशा अर्थाचं तो बोलला. नेमके शब्द काय होते यावर दोन्ही पक्षांच्या हकिगती जुळत नाहीत, पण आवाज चढला होता याबद्दल वाद नाही.

भांडण थंड झाल्यावर जो पत्रव्यवहार झाला तो मला त्या चढ्या आवाजापेक्षा महत्त्वाचा वाटतो. तटस्थ व्यापारी जहाजाची झडती घेता येते, तटस्थ युद्धनौकेची घेता येत नाही, हे डिडरिक्सचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. ड्यूईचं उत्तर असं की मला झडती घ्यायचीच नाही, झेंडा लावलेलं जहाज खरोखर त्याच देशाचं आहे एवढी खात्री हवी. डिडरिक्सने हा प्रश्न बंदरातल्या सगळ्या तटस्थ कप्तानांपुढे ठेवायचं ठरवलं. ड्यूईच्या सांगण्यानुसार बैठकीला फक्त चिचेस्टर गेला, आणि याहून कडक अटीही पाळाव्यात असा मला हुकूम आहे, असं त्याने सांगून टाकलं. माझ्या मते ब्रिटिशांनी ड्यूईला मदत केली ती या दिवशी. गोळा न उडवता, कोणाच्या आडवं न जाता, एक नियम मान्य करून.

आता १३ ऑगस्ट. शहरावर माऱ्याची सूचना मिळाल्यावर पाहुण्यांनी जागा बदलल्या होत्या. ब्रिटिश आणि जपानी कावितेच्या बाजूला, अमेरिकनांजवळ. जर्मन आणि फ्रेंच शहराच्या उत्तरेकडे. हल्ल्याच्या सकाळी ड्यूई निघाला तसा चिचेस्टरही इमॉर्टॅलिटे आणि इफिजिनिया घेऊन शहराच्या दिशेने सरकला. ड्यूईने आठवणींत लिहिलं की त्यामुळे ब्रिटिश नौका आपल्या आणि इतर परक्या ताफ्याच्या मध्ये आल्या. पुढे लोकांनी त्यात भर घालत ‘जर्मन हल्ला करणार होते, इंग्रजांनी अडवलं’ अशी गोष्ट उभी केली. १९३०च्या दशकात इतिहासकारांनी दोन्हीकडचे कागद तपासले तेव्हा जर्मनांचा हल्ल्याचा बेत कुठेच सापडला नाही. चिचेस्टर पुढे सरकला तो माऱ्याचा परिणाम नीट दिसावा म्हणून. तोफांचा परिणाम पाहून कळवणं हे त्याचं कामच होतं.

मग ही कथा एवढी पसरली का? कारण १९१४ नंतर ती सांगायला सगळ्यांना सोयीची होती. पहिल्या महायुद्धात जर्मन हा शत्रू आणि इंग्रज हा मित्र, तेव्हा १८९८ मधली प्रत्येक हालचाल त्याच रंगात दिसू लागली. इंग्रज तटस्थ होते का, याचं उत्तर मी असं देईन : कायद्याने पूर्ण, मनाने नाही. शहरावर अमेरिकन झेंडा चढल्यावर इमॉर्टॅलिटेने त्याला २१ तोफांची सलामी दिली. इतरांनी घाई केली नाही.

तिसरा_प्रहर

नांगरवाट, लेख आणि वरचा प्रतिसाद दोन्ही आवडले. पण मला यात एक मोठी पोकळी दिसते आणि ती तुमच्याच तारखांमध्ये आहे.

डिडरिक्स आला तो दिवस १२ जून १८९८. त्याच दिवशी, उपसागराच्या त्याच किनाऱ्यावर, कावित गावात फिलिपिनो क्रांतिकारकांचा नेता एमिलिओ आगिनाल्दो याने फिलिपिन्सचं स्वातंत्र्य जाहीर केलं. आजही तो तिथला राष्ट्रीय दिन आहे. म्हणजे पाच देशांची आरमारं त्या पाण्यात होती, आणि ज्यांचा देश होता ते काठावर नवं निशाण फडकवत होते. त्या निशाणाला एकाही जहाजाने सलामी दिली नाही.

आगिनाल्दोला हाँगकाँगहून परत आणलं कोणी? ड्यूईनेच, १९ मे रोजी, मॅककलॉक या आपल्याच जहाजातून. पुढचे आठवडे मनिलाला जमिनीवरून वेढा घातला तो फिलिपिनो लोकांनी. खंदक त्यांचे, मेलेली माणसं त्यांची. शहराचं नळाचं पाणी तोडलं तेही त्यांनी. अमेरिकेची फौज जुलैअखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने आली, सुमारे ११,००० माणसं. समुद्रातून नाकेबंदी आणि जमिनीवरून वेढा असे दोन पाट होते, आणि शहर त्यांच्यात दळलं जात होतं. जात्याच्या एका पाटाचंच नाव इतिहासात राहिलं.

मग १३ ऑगस्टची ‘लढाई’. बेल्जियमचा कॉन्सुल एदुआर्द आंद्रे मध्यस्थ होता. नवा स्पॅनिश गव्हर्नर हाउदेनेस याने आधीच कळवलं होतं की थोडा मारा करा, आमची अब्रू राहील, मग आम्ही पांढरं निशाण दाखवू. एकच अट : फिलिपिनो सैन्य शहरात येता कामा नये. ठरल्याप्रमाणे सान अंतोनियो आबाद या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या, ऑलिंपियावर शरण येता का असं विचारणारी संकेतनिशाणं चढली, आणि इंत्रामुरोसच्या, म्हणजे तटबंदीच्या आतल्या जुन्या शहराच्या, तटावर पांढरं निशाण आलं. ठरवून केलेल्या या लढाईतही जमिनीवर माणसं मेली. आणि महिनोन् महिने खंदकात बसलेल्यांना शहराच्या वेशीवर अमेरिकन संगिनींनी अडवलं. फेब्रुवारी १८९९ मध्ये याच दोघांत युद्ध पेटलं, त्याचं मूळ त्या वेशीवर आहे.

इस्ला ग्रांदेची हकिगतही मला त्यांच्या बाजूने वाचावीशी वाटते. इरेने म्हणाली तुमचा झेंडा मान्य नाही. अमेरिकनांनी तिला हुसकावलं आणि कैदी फिलिपिनोंच्या हवाली केले, म्हणून त्या दिवशी त्यांना अमेरिकन मित्र वाटले असतील. पण झेंडा मान्य नाही हे अमेरिकेचंही म्हणणं होतं. फक्त ते तिने ऑगस्टपर्यंत बोलून दाखवलं नाही.

तटस्थ कोणाला म्हणायचं हे ठरवताना आधी दोन पक्ष कोणते ते ठरतं. त्या सगळ्या कप्तानांनी स्पेन आणि अमेरिका हे दोनच पक्ष धरले. तिसरा पक्ष त्यांच्या लेखी नव्हताच. मला ही गोष्ट जर्मन-ब्रिटिश चढाओढीपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

नांगरवाट

तिसरा_प्रहर, याला माझी पूर्ण सहमती. एका गोष्टीची भर घालतो. तार कापलेली असल्यामुळे १२ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये युद्धबंदीच्या करारावर सही झाली हे मनिलात कोणालाच माहीत नव्हतं. बातमी पोचली १६ ऑगस्टला. सही झाली तेव्हा मनिलात १३ तारखेची पहाट होती आणि हल्ला व्हायला काही तासच उरले होते. तार शाबूत असती तर तोफा कदाचित उडाल्याच नसत्या, आणि शहर कोणाच्या हाती जायचं हा प्रश्न मोकळा राहिला असता. फिलिपिनोंच्या दृष्टीने त्या कापलेल्या तारेची किंमत फार मोठी ठरली.

भरतीओहोटी

मी फिलाडेल्फियाजवळ राहते. ऑलिंपिया आजही इथे डेलावेअर नदीवर, पेन्स लँडिंगला उभी आहे आणि आत जाऊन पाहता येते. पोलादी आरमाराच्या त्या पहिल्या पिढीतली इतकी सुस्थितीतली नौका जगात फार थोड्या ठिकाणी राहिली आहे. अधिकाऱ्यांच्या दालनातलं लाकूडकाम आणि खाली बॉयलरजवळची अंधारी, तापणारी जागा यांतला फरक पाहिला की मनिलाचा पावसाळा साडेतीन महिने काढणाऱ्या खलाशांचं काय झालं असेल हे कळतं. १९२१ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या अनामिक सैनिकाचं शव फ्रान्सहून अमेरिकेत आणलं तेही याच नौकेने. इकडे कोणी येणार असेल तर जरूर पाहा.

मचवा

मनिलात पाहुण्यांमुळे पेच वाढला. याच्या उलट प्रसंग बत्तीस वर्षं आधीचा आहे, तिथे पाहुण्यांनी काहीच केलं नाही हा पेच झाला. चिलीतलं वाल्पारायसो, ३१ मार्च १८६६.

स्पेनचं चिली आणि पेरूशी युद्ध चालू होतं. चिलीच्या बंदरांची नाकेबंदी फसत चालली होती. नोव्हेंबर १८६५ मध्ये चिलीच्या एस्मेराल्दाने स्पेनची कोवादोंगा पकडली, आणि तो घाव सहन न होऊन स्पॅनिश ॲडमिरल पारेहाने आत्महत्या केली. त्याच्या जागी आलेल्या कास्तो मेंदेस नुन्येसला माद्रिदचा हुकूम होता की चिलीने माफी मागितली नाही तर वाल्पारायसोवर मारा करा. आणि वाल्पारायसोला बचावासाठी तोफाच नव्हत्या.

बंदरात त्या वेळी दोन तटस्थ ताफे होते. ब्रिटिश रिअर ॲडमिरल जोसेफ डेन्मन, आणि अमेरिकन कमोडोर जॉन रॉजर्स. रॉजर्सकडे मोनॅडनॉक होती, दोन फिरत्या बुरुजांची चिलखती मॉनिटर, १५ इंची तोफांची. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलेलं, माणसं लढून तयार झालेली. दोन्ही ताफे मिळून आडवे गेले असते तर स्पॅनिशांना मारा करणं अवघड होतं. रॉजर्सची तयारी होती, पण ब्रिटिश बरोबर असतील तरच. डेन्मनही सुरुवातीला अनुकूल होता. पण ब्रिटिश वकिलातीने हात आखडता घेतला, आणि एकट्याने पडायला रॉजर्स तयार नव्हता.

नुन्येसने चार दिवसांची मुदत दिली होती. ती संपली त्या सकाळी ब्रिटिश आणि अमेरिकन नौका नांगर उचलून माऱ्याच्या रेषेतून बाजूला झाल्या. त्यानंतर सुमारे तीन तास स्पॅनिश तोफा शहरावर चालल्या. माणसं फार मेली नाहीत, कारण लोक टेकड्यांवर गेले होते. पण जकातीची कोठारं जळाली, आणि त्यातला बराचसा माल तटस्थ देशांच्या व्यापाऱ्यांचाच होता. वाल्पारायसोमधल्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी डेन्मनवर जी आग पाखडली ती समजण्यासारखी आहे. आपलं आरमार आपल्या डोळ्यांसमोर बाजूला सरकलं हे त्यांनी पाहिलं होतं.

डेन्मनला मी भित्रा म्हणणार नाही. तो आडवा गेला असता तर ब्रिटन युद्धात ओढलं गेलं असतं, आणि तो निर्णय एका ॲडमिरलचा नव्हे. पण ज्याच्यापाशी थांबवायची ताकद आहे तो रस्ता मोकळा करून देतो, तेव्हा त्या माऱ्यात त्याचा काहीच वाटा नाही असंही मला म्हणवत नाही. बिनबचावाच्या बंदरांवर आरमारी मारा करायला बंदी घालणारा करार हेगला झाला १९०७ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी.

डोलकाठी

मचवा, वाल्पारायसोचं बंदर तेव्हा उत्तरेला पूर्ण उघडं होतं, आणि शहर पाण्यापासून एकदम चढत जातं. म्हणजे जहाजावरच्या तोफेला शहर भिंतीवर टांगल्यासारखं दिसणार. चुकवायचं म्हटलं तरी गोळा कुठे ना कुठे लागणारच. टेकडीवरून पाहणाऱ्या लोकांना आपलंच घर आणि ती बाजूला झालेली परकी जहाजं एकाच नजरेत दिसली असतील.

नांगरवाट

मचवा, फार चांगलं लिहिलंत. आणि तुमच्या-माझ्या गोष्टी जोडणारं एक जहाज आहे. १८७०च्या दशकात अमेरिकन काँग्रेस नव्या युद्धनौकांना पैसे देत नव्हती, म्हणून नौदलाने जुनी मोनॅडनॉक दुरुस्त करतो असं कागदावर दाखवून त्याच नावाची नवी मॉनिटर बांधायला घेतली. तिला पुरं व्हायला वीस वर्षांहून अधिक लागली. १८९८ मध्ये ड्यूईला जर्मनांची धास्ती होती तेव्हा कॅलिफोर्नियाहून ज्या दोन मॉनिटर निघाल्या त्या मॉन्टेरी आणि हीच मोनॅडनॉक. मॉन्टेरी ४ ऑगस्टला पोचली, मोनॅडनॉक १६ ला, शहर पडल्यानंतर.

तटस्थाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार मात्र तोफ नव्हती, कोळसा होता. युद्ध सुरू होताच हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारने ड्यूईला बंदर सोडायला सांगितलं. तो चीनच्या मिर्स बे मध्ये जाऊन थांबला, आणि त्याने आधीच शहाणपणाने नानशान हे कोळशाचं आणि झाफिरो हे रसदीचं जहाज विकत घेऊन ठेवलं होतं म्हणून निभावलं. स्पेनने जूनमध्ये ॲडमिरल कामाराचा ताफा मनिलाच्या सुटकेसाठी सुएझमार्गे पाठवला, त्यात पेलायो ही मोठी चिलखती नौका होती. पोर्ट सईदला ब्रिटिशांच्या प्रभावाखालच्या इजिप्तने त्यांना कोळसा नाकारला. त्यांनी कालवा कसाबसा ओलांडला, तेवढ्यात ३ जुलैला क्युबातल्या सांतियागोसमोर स्पेनचा दुसरा ताफा बुडाल्याची बातमी आली आणि माद्रिदने कामाराला परत बोलावलं. नियम दोघांना सारखाच लावला होता. पण ड्यूईची सोय आधी झालेली होती, कामाराची नव्हती. त्यामुळे एकाच नियमाने एक तरला आणि दुसरा अडला.

पाटीपुस्तक

हे कोळशाचं अजिबात माहीत नव्हतं. शेवटचा प्रश्न : एवढं पाहून या लोकांनी शिकलं काय? त्या निरीक्षणाचा पुढे उपयोग झाला का?

नांगरवाट

झाला, आणि तो सगळ्यांत जास्त जपानने करून घेतला. मनिलासमोर तटस्थ म्हणून उभी असलेली नानिवा ही क्रूझर १८९४ च्या चीन-जपान युद्धात तोगो हेइहाचिरोच्या हाताखाली लढलेली. तिकडे क्युबात, सांतियागोच्या नाकेबंदीत, अकियामा सानेयुकी हा तरुण जपानी अधिकारी अमेरिकन ताफ्याबरोबर निरीक्षक म्हणून होता. बंदराच्या अरुंद तोंडात मेरिमॅक हे जहाज बुडवून स्पॅनिश ताफा आत कोंडायचा अमेरिकनांचा प्रयत्न ३ जूनला फसला, आणि त्याच्या अहवालात या सगळ्याची बारकाईने नोंद झाली. १९०४ मध्ये रशियाविरुद्ध पोर्ट आर्थरच्या तोंडाशी जपानने हाच डाव पुन्हा पुन्हा टाकला, तेव्हा तोगो जपानी ताफ्याचा सेनापती होता आणि अकियामा त्याच्या कर्मचारीवर्गात होता.

तोफखान्याबद्दलचा धडा सगळ्याच आरमारांना टोचणारा होता. १ मे रोजी अमेरिकन तोफांनी सहा हजारांच्या आसपास गोळे उडवले, नेमके लागले ते दीडशेच्या आत. आणि हे थांबलेल्या किंवा जेमतेम हलणाऱ्या जहाजांवर, दिवसाउजेडी. विजय एवढा मोठा होता की सामान्य लोकांना हा आकडा दिसलाच नाही, पण तो ज्यांच्या कामाचा होता त्यांनी नीट वाचला. पुढच्या दहा वर्षांत ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही नौदलांनी नेमबाजीची पद्धतच बदलली.

तिसरा_प्रहर

आणि जर्मनी? एवढी जहाजं आणून तिला काय मिळालं?

नांगरवाट

मनिलात काही नाही. शहर पडल्याच्या दिवशी कैसरिन ऑगस्टा माजी गव्हर्नर आउगुस्तिनला घेऊन हाँगकाँगकडे निघाली आणि हळूहळू बाकीचा ताफाही पांगला. १० डिसेंबर १८९८ च्या पॅरिस तहात स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला दिलं. त्या वाटाघाटींत फिलिपिनोंचा प्रतिनिधी फेलिपे आगोन्सियो पॅरिसला गेला होता, त्याला आत घेतलं नाही. जर्मनीने १८९९ मध्ये स्पेनकडे उरलेली कॅरोलाइन, पलाऊ आणि ग्वाम सोडून बाकीची मारियाना बेटं अडीच कोटी पेसेतांना विकत घेतली. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर ती जपानने ताब्यात घेतली.

ड्यूईच्या आठवणी १९१३ मध्ये आल्या. त्यातलं वर्णन वाचून निवृत्त डिडरिक्सने १९१४ मध्ये जर्मन नौदलाच्या नियतकालिकात स्वतःची बाजू लिहिली : हल्ल्याचा विचारही नव्हता, गैरसमज वाढवून सांगितले गेले. काही महिन्यांत महायुद्ध सुरू झालं आणि ती बाजू जर्मनीबाहेर फारशी कोणी ऐकली नाही. तक्रारींची यादी घेऊन ऑलिंपियावर गेलेला लेफ्टनंट हिंत्से १९१८ मध्ये काही महिने जर्मनीचा परराष्ट्रमंत्री होता.